रिकामी ओळ

बेगम बाजारातल्या दुकानात पिवळ्या कार्डशीटचा शेवटचा गठ्ठा दीक्षाने उचलला, तर दुसरं टोक एका उंच माणसाच्या हातात.

"अर्धा-अर्धा?" तो म्हणाला.

"आधी माझा हात लागला."

त्याने हसून गठ्ठा सोडला... आणि सोमवारी ती शिकवायची त्या शाळेत तोच हजर. मराठीचे नवे सर, पुण्याचे अभिजीत. तिने अर्धा गठ्ठा त्याच्या टेबलावर ठेवला. मग रोज मधल्या सुट्टीत तो काहीतरी निमित्त काढून तिच्या वर्गापाशी यायचा, आणि ती ते निमित्त खरं मानायची.

पुढे शाळेत भेदभावाविरुद्धचा आठवडा आला. अभिजीतने सहावीच्या भिंतीवर पिवळा तक्ता लावून मुलांकडून भरून घेतला: नाव, मूळ गाव, कुलदैवत. किती वेगवेगळी घरं एका भिंतीवर, असं त्याच्या मनात.

रूपालीच्या नावापुढे खंडोबा होता. रूपाली दीक्षाच्याच गल्लीतली. तिच्या घरी बुद्धाची तसबीर. दीक्षाने बाजूला घेऊन विचारलं, तेव्हा पोर खाली बघत म्हणाली, जागा रिकामी ठेवली असती तर सगळ्यांनी विचारलं असतं. शेजारणीचं बघून लिहिलं.

दीक्षाने तक्ता ओढला. कोपरे फाटले. जिन्यात तो समोर आला.

"सर, भेदभावाविरुद्ध शिकवताय की भेदभावच करताय?"

"काय झालं?"

"आम्ही बौद्ध. आम्हाला कुलदैवत नसतं. सहावीत असताना मीही असंच खोटं लिहिलं होतं. बाबांना कळलं. रागावले नाहीत, पण त्या दिवशी जेवले नाहीत."

"मला... सुचलंच नाही."

"सुचायची गरजच पडली नाही कधी तुम्हाला. आणि मला वाटत होतं, तुम्ही—"

पुढचं तिने गिळलं. त्याच्यापेक्षा तिला स्वतःचाच जास्त राग आला होता. तीन आठवडे रोज मधल्या सुट्टीत ती याच माणसाची वाट बघत होती!

दुसऱ्या दिवशी त्याने वर्गाला सांगितलं, कालचा तक्ता चुकला. सगळी घरं माझ्या घरासारखी असतात असं मी धरून चाललो. कुणाचंही नाव घेतलं नाही. मग नवी शीट लावली: 'लोकांनी मला काय विचारू नये.'

शाळा सुटल्यावर दीक्षा वाचायला गेली. कुणी लिहिलं होतं वजन, कुणी रंग. रूपालीने लिहिलं होतं, आडनाव काय. खाली त्याचं अक्षर: 'अभिजीत सर — मला कुणी काही विचारतच नाही.' त्याखाली त्यानेच लिहिलेलं फक्त 'दीक्षा मॅडम', आणि पुढे कोरी जागा.

तो दारात उभा होता.

"राग गेला?"

"नाही. लवकर जाणारही नाही."

"चालेल. मला एक विचारायचं आहे... ते विचारू नये असं वाटत असेल, तर तिथे लिहा."

तिने पेन उचललं. टोपण काढलं. त्या ओळीकडे बघितलं, मग टोपण पुन्हा लावलं.

"रिकामी ठेवलीत?"

"हो," ती म्हणाली. "विचारा."