जिवतीला न कळलेलं मौन

“बोलत राहायचं, शर्वाणीताई. शेजारणीशी गप्पा माराव्यात तसं, हातपाय हलवत बोलत राहायचं. दम लागून वाक्य तुटलं, की लगेच खाली बसायचं.”

व्यायाम शिकवणाऱ्या बागवान मॅडमचं हे सांगणं शर्वाणीला रोज पहाटे आठवायचं, आणि रोज पहाटे ती ते मोडायची.

आजही ती बैठकीच्या खोलीत भिंतीला तळहात टेकवून उभी होती. कोपर वाकवून भिंतीकडे झुकायचं, पुन्हा सरळ व्हायचं. मग खुर्चीवरून हळूच उठबस, मग सतरंजीवर हात-गुडघे टेकून मांजरासारखी पाठ वर उचलायची. सातवा महिना लागला होता, त्यामुळे उताणं झोपून करायचे सगळे प्रकार बंद झाले होते. लातुरात आता उन्हाळाभर उष्मबंदी असायची. दिवस वर आला की गर्भारणींनी घराबाहेर पडायचं नाही. तेव्हा चालणं, फिरणं, जे काही करायचं ते घरातच, आणि तेही पहाटेच्या गारव्यात.

तिच्या पोटावर परवापासून मऊ सुती पट्टा होता. बाळाचा ठोका, गर्भाशयाचं आवळणं, आईच्या अंगाची ऊब, सगळं तो त्वचेवरून टिपायचा. कंपनीनं त्याला भलतंसं नाव दिलं होतं, पण श्रावणात जिवतीची पूजा करणाऱ्या बायकांनी त्याला सरळ ‘जिवती’ म्हणायला सुरुवात केली आणि तेच रूढ झालं. कॅमेरा मात्र नको, असं बायकांनी ठणकावून सांगितलं होतं. म्हणून जिवती बघत नसे, फक्त ऐकत असे. पोट वाढलं की श्वास वर चढतो, नाडीही मुळातच वेगानं चालते, त्यामुळे दम किती लागलाय हे तिला बाईच्या बोलण्यावरूनच नीट कळायचं.

आणि शर्वाणी सूर्याला अर्घ्य देईपर्यंत बोलत नसे.

“ताई, तुमचा आवाज आला नाही,” जिवती म्हणाली. “दम लागला का? एक शब्द बोला.”

शर्वाणीनं मान हलवली. मग स्वतःशीच हसली. हिला मान कुठे दिसणार? ती खुर्चीवर बसली. तिला धापही नव्हती की चक्कर. आदल्या दोन दिवसांप्रमाणे हीही सूचना आपोआप मिटेल असं तिला वाटलं. पण लागोपाठ तिसऱ्यांदा उत्तर आलं नाही की जिवती कुणाला विचारत बसत नसे. थोड्याच वेळात खाली रुग्णवाहिका येऊन उभी राहिली.

पुढचा गोंधळ सोसायटीत बरेच दिवस चवीनं सांगितला गेला. परिचारिका विचारते, काय होतंय? शर्वाणी हात जोडून थांबा म्हणते. तिच्या सासूबाई कुमुदिनीबाई छाती पिटत सांगतात की सुनेची वाचा गेली. तेवढ्यात पूर्वेला तांबडं फुटून सूर्याची कड वर आली, तशी शर्वाणी तांब्या घेऊन गॅलरीत गेली. तिनं शांतपणे पाण्याची धार सोडली, देवापुढे निरांजन लावलं, जगदंबेचं नाव घेतलं आणि वळून म्हणाली, “मला काही झालेलं नाही. चहा टाकू का सगळ्यांना?”

रुग्णालयात मात्र कुणी हसलं नाही. डॉक्टर देशमाने सज्जन गृहस्थ होते, पण नियमाला बांधलेले. पट्ट्यानं तीनदा धोका सांगितला होता, शिवाय पहिलं बाळंतपण बिघडलेलं. त्यांनी व्यायामाची परवानगी थांबवली. वैद्यकीय मंडळाचा निर्णय होईपर्यंत पूर्ण विश्रांती. गरोदरपणात वाढलेली रक्तातली साखर खाण्यापिण्याच्या पथ्यावर आणि हालचालीवर नुकती ताळ्यावर येत होती. ती पुन्हा चढली तर इन्सुलिन घ्यावं लागेल, कदाचित शेवटपर्यंत दवाखान्यातच राहावं लागेल, असंही त्यांनी सांगितलं.

शर्वाणीला सुईची भीती नव्हती. भीती होती ती खाटेची. मागच्या खेपेला सगळ्यांच्या काळजीपोटी ती त्या खाटेवर महिनोन् महिने पडून होती, कुशीवर वळायलाही विचारत होती. तरीही बाळ गेलं. का गेलं, ते कुणालाच सांगता आलं नाही. त्या खाटेवर शर्वाणीला स्वतःचं अंग परकं वाटू लागलं होतं. या खेपेला व्यायाम सुरू झाल्यापासून कुठे ते पुन्हा आपलं वाटायला लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी रुखसाना बागवान घरी आल्या. गर्भारणींना व्यायाम शिकवणाऱ्या त्या फिजिओथेरपिस्ट. रागावायच्या तयारीनंच आल्या होत्या, पण सगळं ऐकून घेतल्यावर त्यांचा आवाज खाली आला.

“मी रोजे धरते, ताई. पण माझ्या दोन्ही वेळेला सूट घेतली होती. तुमच्यात सूट नसते का?”

“असेल,” शर्वाणी म्हणाली. “पण मला यातून काही मागायचं नाहीये, मॅडम. पहिलं बाळ जन्मलं तेव्हा रडलंच नाही. मग रोज सकाळी थोडा वेळ मी त्याच्यासोबत गप्प बसते. इतकंच.”

कुमुदिनीबाई शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांचा हात थांबला.

“आणि मी समजत होते की माझ्यावर रुसलीस,” त्या म्हणाल्या. “खाटेवरनं उठू दिलं नाही म्हणून सकाळ सकाळ अबोला धरतीस.”

“नाही हो, आई. रुसले असते तर दिवसभर नसते का रुसले?”

कुमुदिनीबाईंनी डोळ्यांना पदर लावला. थोड्या वेळानं त्या पुटपुटल्या, जणू भाजीचं काही बोलताहेत अशा सुरात, “लेकराला निजवताना कुठे शब्द लागतात? निसतं गुणगुणलं तरी त्याला कळतं. शब्द नको बोलूस. गुणगुणून सोबत कर त्याला. देवी काही त्याला बोलणं म्हणायची नाही.”

शर्वाणीनं सासूकडे पाहिलं. मग मान खाली घालून, मिटल्या ओठांनी एक सूर धरला. लांब, संथ.

बागवान मॅडम उठून उभ्याच राहिल्या. त्यांनी शर्वाणीच्या बरगडीवर तळहात ठेवला. हाताखाली सूर थरथरत होता. “अहो, हे तर बोलण्यापेक्षा बरं,” त्या म्हणाल्या. “धाप लागली की माणूस तुटक का होईना, बोलतो. पण तोंड मिटून सूर धरायला शिलकीतला श्वास लागतो. दम लागायच्या आधीच सूर आखूड होईल. पट्ट्याला ही थरथर टिपता आली पाहिजे.”

पट्टा बनवणाऱ्या पुण्यातल्या अभियंत्यांना त्यांनी त्याच दुपारी गाठलं. थरथर टिपायची सोय पट्ट्यात होतीच, फक्त तिचा अर्थ लावायला त्याला शिकवायचं होतं. पण शिकवायला दम लागलेली माणसं हवीत, आणि गर्भारणीला दमवून तर चालणार नाही. बागवान मॅडमनी स्वतः पट्टा बांधला आणि गुणगुणत सोसायटीचे जिने चढल्या. त्यांच्यामागून शेजारणी चढल्या, दवाखान्यातल्या परिचारिका चढल्या. शेवटी कुमुदिनीबाईंनी लुगडं खोचलं. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

दुसऱ्या मजल्यावर त्यांचा सूर आखूड झाला. जिवती म्हणाली, “आता थांबा, खाली बसा. बाळाचा ठोका सापडत नाही.”

“सापडला तर सोसायटीला काय सांगू गं, बये?” कुमुदिनीबाई पायरीवर बसत म्हणाल्या, आणि जिनाभर हशा पिकला.

मग एका पहाटे डॉक्टर देशमाने आणि मंडळाची माणसं पडद्यावरून बघायला बसली. बागवान मॅडम शर्वाणीच्या शेजारी उभ्या होत्या. शर्वाणीनं घोटभर पाणी पिऊन भिंतीला हात टेकले आणि ओठ मिटून सूर धरला. ती झुकली, सरळ झाली, खुर्चीवरून उठली, बसली. पडद्यावर तिच्या सुराची रेघ नदीसारखी वाहत राहिली आणि तिच्याखाली बाळाच्या ठोक्यांची बारीक, नेटकी रांग. पाठ उचलताना एकदा सूर जरासा आखूड झाला. जिवतीनं “सावकाश, ताई” म्हटलं, शर्वाणी थांबली, आणि रेघ पुन्हा लांब झाली. डॉक्टर देशमान्यांनी चष्मा काढून पुसला. अंगावरून रक्त जाणं, पाणी जाणं, चक्कर, छातीत किंवा पोटात दुखणं, यांतलं काहीही झालं तर क्षणात थांबायचं आणि दवाखाना गाठायचा, असं त्यांनी पुन्हा एकदा बजावलं, आणि व्यायामावरची बंदी उठवली.

खाटेवर पुन्हा पडावं लागलं नाही. साखर ताळ्यावर राहिली. दिवस भरले तेव्हा शर्वाणी स्वतःच्या पायांनी प्रसूतिगृहात चालत गेली. मुलगी झाली. बाहेर येताच तिनं असा टाहो फोडला की साताऱ्याकडच्या पवनचक्क्यांवरच्या कामावरून धावत आलेल्या शर्वाणीच्या नवऱ्याला तो लिफ्टमध्येच ऐकू आला. कुमुदिनीबाईंनी भेटेल त्याला सांगितलं, पोरगी दोन्ही लेकरांच्या वाटचं रडली.

पाचवीला बागवान मॅडम झबलं-टोपडं घेऊन आल्या. आता जिल्हाभरच्या जिवत्यांना गुंजन कळू लागलं होतं. लाजाळू, मुक्या, नवस-व्रतं करणाऱ्या कितीतरी बाया निर्धास्त व्यायाम करत होत्या. हे सांगताना मॅडम खुशीत होत्या, पण मग त्यांनी दाराकडे पाहून आवाज उतरवला.

“याच गावात एक आहे. पाचवा महिना. रोज नेमानं सगळं करते, श्वास उत्तम. पण बोलत नाही की गुणगुणत नाही. व्रतबित काही नाही. मी घरी जाते तेव्हा घरातलं कुणीतरी शेजारी बसलेलंच असतं. म्हणून ती पहाटे एकटी व्यायाम करत असताना पट्ट्यावरून हळूच विचारलं, तुमच्यासारखीच एखादी बाई गप्पा मारायला आली तर चालेल का? हो असेल तर पट्ट्यावर दोनदा बोट टेकवा.”

“टेकवलं?”

“लगेच.”

“सव्वा महिना झाला की मी जाते,” शर्वाणी म्हणाली. “तिला तसं कळवा.”

सव्वा महिन्याचं न्हाणं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी शर्वाणीनं लेकीला पोटभर पाजलं आणि सासूच्या मांडीवर दिलं. कुमुदिनीबाईंनी कुठे म्हणून विचारलं नाही, फक्त उन्हाच्या आत ये म्हणाल्या. डब्यात डिंकाचे लाडू भरताना शर्वाणी विचार करत होती. यंत्राला आता मौन ऐकू येत होतं. पण त्या मौनाआड काय आहे, ते ऐकायला कुणी जायचं? आणि त्या बाईच्या दारात आपण उभ्या राहिलो, तर दार उघडणारा हात तिचाच असेल का?

तिनं चपला पायांत सरकवल्या, आवाज न करता दार ओढून घेतलं, आणि जिना उतरू लागली.