बाळकुमचं पळतं मीटर

"सुनेला रंगेहाथ पकडून द्या साहेब. या शुक्रवारी मी तिला माहेरच्या गाडीत बसवतंय!"

जनाबाईने विजेची दोन बिलं टेबलावर आपटली. बाळकुमच्या खाडीकाठची ही कोळीण सोमवारी सकाळी नऊलाच सीताराम गायकवाडच्या ऑफिसात हजर झाली होती.

सीतारामने बारा वर्षं घरोघरी मीटरचे आकडे टिपले होते. पुढे त्याला आकड्यांपेक्षा आकड्यांमागची माणसं जास्त आवडू लागली आणि १९८८ साली त्याने कारखान्यांच्या वागळे इस्टेटमध्ये खाजगी तपासाचं ऑफिस उघडलं. जोडीला शाळासोबती दगडू. दगडू स्वभावाने सोनं, पण त्याच्या डोक्यातली ट्यूब जरा उशिराच पेटायची.

"चहा सांगू?" दगडू म्हणाला. "आज मिळेल. शुक्रवारी इथे सगळं बंद, चहावालासुद्धा फिरकत नाही."

जनाबाईला चहा नको होता. मुलगा जगन बोटीवर नोकरीला, घरात ती आणि सून सगुणा. दोन दिवे, एक पंखा. तरी चार महिन्यांत बिल दुप्पट झालं होतं.

"बुधवार, शुक्रवार, रविवार मी मासली घेऊन बाजारान. पहाटं जातंय, सांजचे येतंय. माझे पाठी ही लाइटची शेगडी लावीत असल. माझा भाऊ नाथा शेजारीच रहतो, त्योच बोलला."

"भाऊ बोलला?" सीतारामने विचारलं.

"लय शाना हाय."

संध्याकाळी दोघे बाळकुमला पोहोचले. एकाच कौलारू छपराखाली तीन खोल्या, वर तिन्हींना मिळून एकच माळा. मधली खोली जनाबाईची. दाराशी सगुणाची कपड्यांची पिशवी भरूनच ठेवलेली होती. सासूने निकाल आधीच लावला होता, आता फक्त साक्षीदार हवा होता.

सगुणा डोळे पुसून बोलायला उभी राहिली. स्वयंपाक ती उजेडातच उरकायची. इस्त्री नको म्हणून कपडे गादीखाली घालायची. आणि रोज दिवा लावण्याआधी मीटरचा आकडा कॅलेंडरवर लिहायची.

"हे सासूबाईंना दाखवलंस?"

"त्यांना वाचता येत नाय. आणि माझं ऐकतंय कोण?"

सीताराम कॅलेंडरवरून बोट फिरवत राहिला. दर शुक्रवारी आकडा टुणकन उडी मारत होता.

"सापडली!" दगडू त्याच्या कानाशी पुटपुटला. "शुक्रवारी सासू बाजारात, सून एकटी."

 सीतारामने एका आठवड्यावर बोट ठेवलं. "हे दोन दिवस रिकामे का?"

"माहेरी गेलेले. गुरुवारी सकाळी गेले, शनिवारी आले."

डावीकडच्या खोलीत गंगुबाई साड्यांना फॉल लावत होती. पायाने मशीन हाणता हाणता तिचे गुडघे कामातून गेले होते. "पोरगी गुनाची हाय," ती म्हणाली. "पन जनाच्या डोक्यात कोनीतरी किडा सोडलाय."

उजवीकडे नाथा. वागळे इस्टेटमध्ये लेथवर कामाला. उंबऱ्यातल्या पायपुसण्यावर पिवळी बारीक धूळ, कोपऱ्यात पॉलिशची मोटर.

"पितळी नळ चकचकीत करून देतंय, फावल्या टायमाला," नाथा म्हणाला. "तसा टाइम कवा मिलतंय? काल रविवार, तरी ड्यूटीला व्हतो." मग त्याने आपण होऊन स्वतःचं बिल पुढे केलं. "बघा, मोटर असून ताईच्या निम्मं! बचत कराची तर आमच्याकडून शिका."

दगडूला तो माणूस फार आवडला. त्याने वहीत 'बचत' लिहून खाली दोन रेघा मारल्या.

शुक्रवारी भर दुपारी सीतारामने जनाबाईला बाजारातून गुपचूप बोलावून घेतलं. गंगुबाई आपल्या दारात येऊन उभी राहिली. नाथाचं दार बंद होतं आणि आतून मोटरची घरघर ऐकू येत होती.

सीतारामने जनाबाईच्या घरातला फ्यूज उपसून काढला.

शेजारची घरघर थांबली.

क्षणात नाथा हात पुसत बाहेर आला. "लाइट गेली काय गो?"

"माजा पंखा तर चालू हाय," गंगुबाई म्हणाली.

नाथाने सीतारामच्या हातातला फ्यूज पाहिला आणि आपलं दार ओढून घेतलं.

"जनाबाई," सीताराम शांतपणे म्हणाला, "सून बुधवारी आणि रविवारीही एकटीच असते. तेव्हा मीटर गप्प असतं. पळतं ते फक्त शुक्रवारी. आणि सून माहेरी होती त्या आठवड्यातही शनिवारचा आकडा तेवढीच उडी मारून पुढे गेला होता. म्हणजे हात दुसऱ्याचा. गंगुबाईंची मशीन पायाची. उरला तुमचा भाऊ."

"पण तो कामावर जातो ना?" दगडू गोंधळला.

"रविवारी जातो. वागळे इस्टेटची सुट्टी कधी असते, दगडू? तुला चहा कधी मिळत नाही?"

दगडूची ट्यूब पेटली. "शुक्रवारी!"

"पायपुसण्यावर पितळेची धूळ, म्हणजे मोटर दाबून चालते. तरी बिल निम्मं. असली बचत मी बारा वर्षांत पाहिली नाही. आणि संशय सुनेवर ढकलणाराही हाच. दगडू, माळ्यावर चढ, तुझ्या वहीतली 'बचत' तिथे सापडेल."

दगडू चढला आणि जनाबाईच्या घरातून नाथाकडे गेलेली काळी वायर त्याने ओढून खाली सोडली.

"ताई, चार पैसं सुटतील म्हणून..." नाथा पुटपुटला.

"पैसं मागितलं असतंस तं दिलं असतं," जनाबाई म्हणाली. "पन तू माझे सुनेचं नाव घेतलंस रं. आन मी येडी, भरल्या घरातून लेकीला काढीत व्हते."

तिने दाराशी ठेवलेली पिशवी उचलली, आत नेली आणि एकेक लुगडं पुन्हा फळीवर रचलं. मग ती कॅलेंडरपुढे उभी राहिली. "सगुणा, ह्यो आकडा कसा वाचतंत? मना बी शिकव."

सगुणा पदर तोंडाला लावून रडली. मग तिने सासूचं बोट धरलं आणि पहिल्या आकड्यावर ठेवलं.

सीताराम फ्यूज परत बसवायला निघाला, तशी जनाबाई मागे वळली.

"ऱ्हाऊ दे साहेब. अजून उजेड हाय."