रूमींच्या टाक्यातला दोर

दिवा जरा बारीक कर रे. तेलाचं काही नाही, ह्या फेतहीचं तोंड एवढ्या उजेडात बघवत नाही. हं. आता ऐका. सादोकला तुम्ही सगळे ओळखता. गेल्या शुक्रवारी त्याच्याच घरचं कुसकुस हादडून आलात. त्याचीच गोष्ट आहे, आणि त्यानं स्वतः मला सांगितलेली.

चार वर्षं झाली. ऑक्टोपसचा हंगाम उघडायची आदली रात्र. गुरुवार. चंद्राचा पत्ता नव्हता. काम तसं साधंच, रूमींच्या, त्या जुन्या रोमन लोकांच्या, टाक्यातनं ऑक्टोपस धरायची मडकी वर काढायची. उन्हाळाभर मडकी तिथंच असतात आपली. घरात ठेवली की साबणाचा वास लागतो, सिगारेटचा लागतो, मग ऑक्टोपस आत यायचं नाव घेत नाही. मडक्यात ना आमिष, ना गळ. नुसतं घर. त्याला वाटतं आपलंच आहे. येऊन निजतो बिचारा.

"लग्नासारखंच की, चाचा."

तुला कोण देतंय रे मुलगी? गप ऐक.

दिवसा तिथं टोप्यावाले पाहुणे येतात, पडक्या खांबांना टेकून फोटो काढतात. मडकी मात्र अंधार पडल्यावरच काढायची, नाहीतर नजर लागते. आणि दोर रूमींच्या खांबाला बांधायचा नाही. मेलेल्यांच्या दगडावर जित्या माणसाचा भार टाकत नाही आपण. दोर माणसाच्या हातात. खालच्यानं विचारायचं, "वर कोण?" वरचा म्हणणार, "मीच आहे." मगच खालच्यानं दोरावर अंग सोडायचं. माझ्या आजानं असंच केलं, त्याच्या आजानंही असंच.

तर त्या रात्री वर होता तिजानी. सादोकच्या थोरल्या बहिणीचा, मबरूकाचा नवरा. होडी दोघांत एक. पुढच्या शुक्रवारी सादोकचं लग्न, जोहराशी. त्याच दुपारी तिजानीनं लग्नाचा मेंढा स्वतः निवडून आणला होता, दात बघून, पाठ चाचपून. अगदी सख्ख्या भावासारखा.

दोघं होडीनंच आले. होडी खाली खडकाला लावली आणि टाक्यापाशी चढले. तिजानीनं खजुरीच्या काथ्याचा जुना दोर मनगटाला गुंडाळला आणि सादोकला खाली सोडायला लागला.

"दाजी, नवरी आहे का मी? जरा भराभर सोडा."

"नवरदेव आहेस. खरचटलास तर तुझी सासू मला कच्चा खाईल. कोट दे तो वर."

"मोबाईल आहे त्यात. जपा."

"जपतो रे बाबा."

सादोक खाली टेकला. घोट्याएवढं पाणी. टाक्याला समुद्राच्या अंगाला खाली भोक पडलंय, तुम्ही पाहिलंय. पूर्वेचा वारा सुटला की त्यातनं पाणी आत येतं आणि टाकं भरतं. त्या रात्री वारा फिरणार, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. म्हणून सादोक घाई करत होता. मडकी बांधी, हाक मारी.

"वर कोण?"

"मीच आहे."

मडकं वर जाई. दोर परत येई. अशी बरीच मडकी गेली. पाणी पोटरीला आलं.

"दाजी, आता राहू दे बाकीची. हे एक ओढा आणि मला घ्या."

मडकं वर गेलं.

दोर आला नाही.

"दाजी?"

 वरच्या तोंडातनं वारा शिरत होता, रिकाम्या बाटलीत फुंकर मारावी तसा. सादोकला वाटलं, थट्टा करतोय. तो हसला सुद्धा.

"पुरे की दाजी. पाय गारठले."

मग त्याला इंजिन ऐकू आलं.

आता होड्या गावात पुष्कळ आहेत. पण त्यांच्या होडीचं इंजिन उचकी देतं. धावता धावता मधेच अडखळतं, परत धावतं. ती उचकी सादोक झोपेतही ओळखेल. होडी निघाली होती. लांब चालली होती.

तिथं, गुडघाभर पाण्यात, त्याला सगळं उमगलं. बापानं ठेवलेली मासे धरायची पाण्यातली जागा... झावळ्यांचं कुंपण घातलेली, गावातली सगळ्यात चांगली. लग्न झालं की ती सादोकच्या पोराबाळांची. लग्नाआधी तो गेला, तर म्हातारी आईची आणि मबरूकाची. मबरूकाची म्हणजे कुणाची, ते सांगायला नको. कोट होडीत आहे. मोबाईल होडीत आहे. सकाळी तिजानी छाती बडवत सांगणार, पोरगा पाण्यात पडला हो.

आणि मेंढा? मेंढा त्यानं का निवडला असेल इतका जीव लावून?

सादोकला रडू आलं ते त्या मेंढ्यामुळं. मरणाचं नंतर सुचलं. शिव्या दिल्या त्यानं, हाका मारल्या, भिंतीला नखं लावून पाहिलं. रूमींचा गिलावा काचेसारखा गुळगुळीत. पाणी कमरेला आलं.

लांब समुद्रात इंजिननं उचकी दिली.

आणि डोक्यावर, अगदी जवळ...

"मीच आहे."

तिजानीचा आवाज.

सादोक हलला नाही.

दोर खाली आला. हळूहळू. त्याच्या तोंडासमोर येऊन थांबला.

"वर कोण?"

"मीच आहे."

"दाजी... मग होडी कोण चालवतंय?"

...

लांब उचकी.

"मीच आहे."

एवढंच. रागानं नाही, मायेनंही नाही. पाठ केल्यासारखं.

पाणी छातीला आलं. तुम्ही काय केलं असतं? बोल फेतही.   सादोकनं डोळे मिटले. दोर धरला. अंग सोडलं.

दोर ताणला. सुटला नाही.

तो चढायला लागला. वर कुणीतरी धापा टाकत होतं. दोर थरथरत होता, माणसाचे हात दमले की थरथरतो तसा. मधेच एकदा निसटला... वीतभर... आणि वरून कण्हल्याचा आवाज आला. सादोकनं वर बघितलं नाही. काठ हाताला लागला. त्यानं अंग बाहेर टाकलं.

दोर ढिला पडला.

वर कोणी नव्हतं.

मडकी होती, रांगेनं ठेवलेली. दोराचं दुसरं टोक फरशीवर, रूमींनी रंगीत दगडांनी चितारलेल्या माशांवर मोकळं पडलं होतं. कशाला बांधलेलं नव्हतं. आणि समुद्रात, खूप लांब, होडीचा दिवा.

"चाचा, तुम्हीच काढला असणार तो आवाज. तुमची खोड सगळ्यांना माहितीये."

अरे मी त्या रात्री बेटावर नव्हतोच, पलीकडे स्फाक्स शहरात होतो, दाढ काढायला. ही बघ जागा. बोट नको घालूस, मेल्या.

सादोक घरी गेला. आईला काही बोलला नाही. भिंतीकडे तोंड करून बसला. उजाडताना मबरूकाचा आवाज ऐकू आला, रडत येत होती. तिच्यामागं तिजानी, भिजलेला कोट छातीशी धरून. मागोमाग निम्मं गाव. रात्रभर त्याचा दिवा समुद्रात फिरताना मासे धरणाऱ्या सगळ्यांनी पाहिला होता. शोधत होतो म्हणाला, पहाटेपर्यंत शोधलं, हाती कोटच लागला.

दार सादोकनं उघडलं.

आधी त्यानं त्या कोटाकडे बघितलं. मग सादोक म्हणाला, "दाजी, मेंढा फार चांगला निवडलात."

तिजानीच्या हातातनं कोट गळून पडला. तेव्हा मबरूका किंचाळली. नवऱ्याचे हात बघून.

दोन्ही तळव्यांची साल निघाली होती. पार मांसापर्यंत. जड माणूस ओढताना दोर सुटू लागला आणि तरी सोडला नाही, की निघते तशी. तिजानी स्वतः तळव्यांकडे बघत राहिला, दुसऱ्याचेच हात असावेत तसा. त्या होडीत दोर होता तो नायलॉनचा, निळा. मबरूकानं सुईनं एकेक करून जे धागे त्याच्या मांसातनं काढले, ते खजुरीच्या काथ्याचे होते.

तिजानी आता बेटावर नसतो. स्फाक्सला मासळी बाजाराच्या मागच्या दारी बसतो. बोटीनं गेलात कधी तर भेटा. सलाम करा, हात पुढं करा.

तो त्याचा हात पुढं करायचा नाही.