काचेवरच्या टिचक्या

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यातला नाही. निदान त्या दुपारपर्यंत तरी नव्हतो.

काम साधं होतं. सहा वाजता ताईच्या बँडचा कार्यक्रम, तिचा पहिला मोठा, आणि तिचा गिटारचा अ‍ॅम्प ऐनवेळी आजारी पडलेला. कुठलाही सूर छेडा, मागून काच हलल्यासारखी किणकिण. हॉलचा मॅनेजर म्हणाला, "पाचपर्यंत आवाज साफ झाला नाही तर तुमचा नंबर कट." दोन वर्षं झोपेचं खोबरं करून बसवलेली गाणी हो! ताई माझ्यावरच उखडली, "मास्तरांकडे तीन वर्षं काय नुसता चहा ढोसलास?"

मास्तर म्हणजे ज्यांनी हा अ‍ॅम्प बांधला आणि मला दुरुस्ती शिकवली, ते. गेल्या वर्षी वारले. जाण्याआधी अ‍ॅम्प ताईला देऊन टाकला.

स्टेजमागची खोली. खिडकी नाही, एकच दिवा, जुन्या पडद्यांचा कुबट वास. मी अ‍ॅम्पची मागची फळी काढली. आत काचेच्या पाच ट्यूब, दोन मोठ्या, तीन छोट्या. छोट्यांतली पहिली सगळ्यात महत्त्वाची. गिटारचा आवाज तिच्यातूनच आत शिरतो. ती नसेल तर अ‍ॅम्प ठार मुका. विषय संपला.

किणकिणणारी ट्यूब शोधायची रीत अशी: अ‍ॅम्प चालू ठेवायचा, आवाज वाढवायचा आणि पेन्सिलीच्या लाकडाने एकेका काचेवर हलकी टिचकी द्यायची. धडधाकट ट्यूब गप्प बसते, बिघडलेली स्पीकरमधून ओरडते. मास्तर दोन टिचक्या द्यायचे, मग थांबायचे, मग तिसरी. म्हणायचे, "घाई केलीस की काच खोटं बोलते."

मी कसली घाई केली, विचारू नका! टकटकटक, पाचही ट्यूब उरकल्या. सगळ्या गप्प. परत केलं. परत गप्प. आणि तार छेडली की किणकिण आहेच. साडेचार वाजले. हाताला घाम.

शेवटी दिवा घालवला. अंधारात ट्यूबच्या आतली तार कशी पेटलीय ते नीट दिसतं. पाच नारिंगी ठिपके. तापलेल्या धुळीचा वास. स्पीकरची बारीक घरघर…

टक… टक…

मग शांतता. मग तिसरी. टिंग!

"ताई… हात नको ना लावूस."

"मी दारापाशी आहे रे."

खरंच, आवाज दारातूनच आला होता. आणि पेन्सिल माझ्या मुठीत होती.

टक… टक… टिंग.

"पहिली," ताई कुजबुजली. "पहिलीची तार बघ… थरथरतेय."

अ‍ॅम्प बंद केला, जरा थांबलो आणि फडक्यात धरून ती ट्यूब उपसली. दुकानातून आणलेली नवी ट्यूब खिशात तयारच होती. दिवा लावतोय तोच मॅनेजरने दार बडवलं. "पाच वाजले! वाजवा, नाहीतर निघा!"

धडाधड फळी लावली, स्क्रू पिळले. अ‍ॅम्प तापेपर्यंत मॅनेजर घड्याळच बघत होता. ताईने तार छेडली.

आई शप्पथ! असा साफ, असा भरदार सूर मी त्या अ‍ॅम्पमधून आधी कधी ऐकला नव्हता. मॅनेजरचं तोंड उघडं ते उघडंच.

कार्यक्रमाचं काय सांगू! तिसऱ्या गाण्याला अख्खा हॉल उभा. ताईने शेवटचा सूर ताणला, तो लांबतच राहिला, बारीक होईचना, आणि लोक वेड्यासारखे ओरडत होते. घाबरट म्हणून चिडवायचो ना मी तिला? राणी दिसत होती राणी!

नंतर मागच्या खोलीत मी नाचतच फळी काढली, म्हटलं ट्यूबचे आभार मानू. आत बघितलं.

चार.

पहिली जागा रिकामी. नवी ट्यूब माझ्या शर्टाच्या खिशात, खोक्याचं सीलही फोडलेलं नाही. घाईत बसवायलाच विसरलो होतो.

"मग… वाजत काय होतं?" ताईने विचारलं.

मी सील फोडलं, नवी ट्यूब त्या खाचेकडे नेली. ती बोटभर अलीकडेच अडली. समोर काहीच नाही, आणि ट्यूब पुढे जाईना. मी मोकळ्या हाताने चाचपलं आणि किंचाळलो. दोन बोटांना टरारून फोड आले, तापलेल्या काचेला हात लागल्यावर येतात तसे.

ताई हसत होती. डोळ्यांत पाणी, आणि हसत होती.

"राहू दे," ती म्हणाली. "ती जागा भरलेली आहे."

त्यानंतर बावीस कार्यक्रम झाले, बावीसही हाऊसफुल्ल. एकदाही किणकिण नाही. ती नवी ट्यूब मी दुकानात परत करून आलो, सील फुटलेलं म्हणून अर्ध्याच पैशांत. माझे फोड आठवड्यात बरे झाले. फक्त त्या दोन बोटांवर आता ठसे उमटत नाहीत… म्हणजे उमटतात, पण माझे नाहीत. मोबाईल ती बोटं ओळखतच नाही.