शेवटच्या दगडाचा फोटो

वनहक्काच्या दाव्याची मुदत उद्या संपत होती, आणि रानाच्या सीमेवरच्या शेवटच्या दगडाचा फोटो अजून निघालाच नव्हता! जागेच्या नोंदीसकट फोनवर काढलेला फोटोच चालेल, असं तालुक्याच्या साहेबाने पंख्याखाली बसून सांगितलं होतं. फोटो नाही, तर मोहाच्या झाडांचा तो तुकडा नकाशाबाहेर. फोन बंद पडलेला, गावात वीज नाही; आणि रानावरून चंद्रपूरकडच्या विजेच्या तारा ऐटीत गेलेल्या!

त्या तारा पाहून कलाबाईचं डोकं आणखीच तापलं. तिच्या पाठीवर रिकामी बॅटरी, भाचा दिनेशकडे दुपारीच हाती आलेलं नवं कोरं सौर पॅनेल, म्हाताऱ्या जंगूभाऊंच्या खांद्यावर कुऱ्हाड. आठ किलोमीटर तुडवून तिघं दगडापाशी पोचले, तेव्हा मे महिन्याचं ऊन कलायला लागलं होतं.

दिनेशने चार्जिंग सांभाळणाऱ्या कंट्रोलरच्या डबीला आधी पॅनेल जोडलं, मग बॅटरी. डबीवरचा दिवा लागेना.

"कागदावर काय लिवलं हाय?" कलाबाईने विचारलं.

"इंग्रजी हाय, आत्या."

"आमच्या रानात विकतेत अन् इंग्रजीत लिवतेत! चित्र पाह्य न मंग!"

चित्रात आधी बॅटरी होती. सगळ्या वायरी सोडून त्याने पुन्हा जोडल्या. हिरवा दिवा लागला! आणि लगेच विझला. मोहाच्या फांदीची सावली पॅनेलच्या कोपऱ्यावर आली होती. तेवढ्याने सगळं ठप्प!

दिनेशने जंगूभाऊंची कुऱ्हाड उचलली.

"खबरदार! ज्याच्यासाठी आलो, त्यालेच तोडतं?" कलाबाई कडाडली.

"खाली नदीत उघडा खडक हाय," जंगूभाऊ म्हणाले.

सामान उचलून तिघं उतरले. खडकावर पाय ठेवणार, तोच झुडपं हलली. अस्वल! ते मागच्या पायांवर उभं राहिलं. गुरगुरलं. कलाबाईने कमरेचा विळा उपसला आणि खडकावर ठणाठण आपटला. "जा! तुह्यासाठीबी हेच रान मांगून राह्यलो आम्ही!" अस्वलाने एकदा हुंगलं आणि ते झाडीत घुसलं.

दगडांचा टेकू देऊन त्यांनी पॅनेल सूर्याकडे तिरपं केलं. अर्ध्या तासात फोन सात टक्के भरला. सूर्य झाडांना टेकला. पळा! चढ, काटे, धाप! दगडापाशी फोन पाच टक्क्यांवर आला, आणि जागेची नोंद उमटली.

"आत्या, दगडाजवळ उभी राह्य. जराशी हास न."

"काऊन हासू? आपलं रान आपलंच हाय, हे सांगाले इतकं मराव लागते!"

दिनेशने तशीच, रागाने लाल झालेली आत्या टिपली.