पितळी स्क्रूची पेटी

"अरे, जोर लाव ना! हातगाडी आहे ही, ढकलल्याशिवाय जात नाही!" मीनल ओरडली.

"जोरच लावतोय! पेटीत धोंडे भरलेत की काय?" गुरुदत्तने शर्टाच्या बाहीने घाम पुसला. "आणि खाली पीली ओरडू नकोस. बोले तो, एनर्जी वाया जाते!"

चिखलोलीच्या माळावरून अंबरनाथकडे येणारा रस्ता खाचखळग्यांचा होता. प्रत्येक खड्ड्यात गाडी दणकन आदळे, पेटी उडे आणि तिघंही खिदळत. होळी संध्याकाळी पेटायची होती आणि शेजारच्या कॉलनीची होळी यांच्यापेक्षा हातभर उंच दिसत होती. अशा वेळी कुणाला धीर धरवतो?

होळीसाठी लाकूड पळवणं म्हणजे चोरी नव्हे, हा तिथल्या पोरांचा जुना कायदा. मालकाने दोन शिव्या हासडायच्या, पोरांनी बोंब ठोकून पळायचं, की प्रकरण मिटलं! त्यात आज ज्या गोदामातून ही पेटी आणली, त्याला शिव्या द्यायला मालकही नव्हता. सूतगिरणी बंद पडून तीन वर्षं झाली होती. मागचा पत्रा उचकटलेला होता. आत ताडपत्रीखाली पेट्यांची चळत होती. मीनलने कडेची एक निवडली आणि तिघांनी ती घसटत बाहेर काढली.

"मी आपली सांगते," मागून ढकलणारी ठमी म्हणाली, "त्या ताडपत्रीवर धूळ नव्हती. तीन वरसं बंद गोदाम, आन् धूळ नाय? दारात टेंपोच्या चाकांची ताजी खूणबी हाय."

ठमी बारवी धरणाच्या वाटेवरच्या वाडीतली. तिची आई बनूबाई मीनलच्या कॉलनीत लाकडाच्या मोळ्या घेऊन येई, आणि ठमी मीनलच्याच वर्गात, सातवीत होती. तिच्या नजरेतून काही सुटत नसे. पण त्या घाईत ऐकतंय कोण!

मैदानात विष्णुपंतांनी पेटीवर थाप मारली. कॉलनीची होळी गेली वीस वर्षं तेच रचत आणि तेच पेटवत.

"शाब्बास मीनल! जड आहे म्हणजे लाकूड चांगलं आहे. तळाला ठेवा हिला!"

पेटी तळाला गेली. तिच्यावर ओंडके, फाटे, मोडकी खुर्ची, शेवटी एरंडाची फांदी. बायकांनी दुपारीच पूजाही उरकली.

चार वाजता तिघं ओट्यावर बसून पुरणपोळी खात होती. गुरुदत्तला लोहचुंबकाचा नाद होता. जुन्या रेडिओतलं चुंबक तो कायम खिशात बाळगी. आता तो खिशातले खिळे एकेक करून त्याला चिकटवत होता. एक स्क्रू मात्र टपकन खाली पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला.

"हा बघ, हट्टी आहे! मघाशी खड्ड्यात गाडी आदळली तेव्हा पेटीतून निसटला. सोन्यासारखा चमकला म्हणून उचलला."

मीनलने तो हातात घेतला. पुरणपोळी तिने बाजूला ठेवली.

तिचे बाबा, दिनानाथ, दारूगोळ्याच्या सरकारी कारखान्यात पॅकिंगची तपासणी करत. फाटकावरच काडेपेटी काढून ठेवायची, बुटाला लोखंडी खिळा चालायचा नाही, हे तिने लहानपणापासून ऐकलं होतं. लोखंडावर लोखंड घासलं की ठिणगी उडते. म्हणून दारूगोळ्याच्या पेट्यांना ते लोक पितळी स्क्रू लावतात!

"गुरुदत्त," ती म्हणाली, "साध्या खोक्याला एवढा महागाचा पितळी स्क्रू कोण लावेल?"

खड्ड्याखड्ड्यात आदळणारी ती पेटी तिघांच्याही डोळ्यांपुढे आली होती.

मीनल धावत विष्णुपंतांकडे गेली. "काका, होळी मोडायला हवी! त्या पेटीत स्फोटकं असावीत!"

विष्णुपंत मोठ्याने हसले. "कारखान्यातल्यांची पोरं तुम्ही! स्क्रू दिसला की तुम्हाला बाँब आठवतो. पूजा झालेली होळी कुणी मोडतं का? पावणेसात वाजता पेटणार म्हणजे पेटणार!"

"पण पेटी मीच आणलीय, काका!"

"छान केलंस. आता घरी जाऊन पाणी पी."

मीनलला रडू आलं. मैदानात शेंबडी पोरं होळीभोवती पकडापकडी खेळत होती. त्यांच्यातल्या एकाला काही झालं, तर ते तिच्यामुळे झालं असतं! कुणी शिक्षा केली नसती तरी ती जन्मभर ते विसरली नसती.

"रडायला मागनं टाइम हाय," ठमी म्हणाली. "तू बाबांकडं जा. मानसं मी लांब ठेवते."

"कशी?"

उत्तर न देता ठमी होळीपाशी गेली, वाकली आणि किंचाळली, "घोणस! आत घोणस शिरली! ही एवढी, मांडीएवढी!"

क्षणात मैदान रिकामं! सापांच्या बाबतीत ठमीचा शब्द कॉलनीत कुणी खोटा धरत नसे. विष्णुपंत तर थेट पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर चढले. गुरुदत्तने लगेच दोरी आणून लांबवर कडं बांधलं आणि "मागे व्हा! अजून मागे!" करत तो पोलिसासारखा फिरू लागला.

मीनल सायकलवरून कारखान्याच्या फाटकावर पोचली तेव्हा तिला धड बोलता येत नव्हतं.

"आत सोडता येणार नाही, बेबी," जमादार म्हणाले. "सुट्टी साडेपाचला होते. तेव्हा भेट."

"आत सोडू नका! बाबांना फक्त हे द्या." तिने स्क्रू त्यांच्या तळहातावर ठेवला. "म्हणावं, आमच्या होळीत आहे."

पाचच मिनिटांत दिनानाथ जवळजवळ धावतच बाहेर आले. मागोमाग सुरक्षा अधिकारी होते.

"कुठे मिळाला? पेटी उघडलीत का?" बाबांनी तिचे दोन्ही खांदे धरले.

मीनलने काहीही न लपवता सारं सांगितलं. पत्रा, ताडपत्री, टेंपोची खूण, खड्डे, सगळं!

पुढचं काम जाणत्या माणसांनी अगदी शांतपणे केलं. आसपासची घरं रिकामी केली, होळी एकेक फाटा करून उतरवली आणि पेटी वाळू भरलेल्या गाडीतून दूर नेली. आत हातबाँब होते. परदेशी बनावटीचे, कारखान्याशी काडीचाही संबंध नसलेले. गोदामात तर ग्रीस फासलेल्या बंदुकाही निघाल्या. ठमीने चाकांची खूण सांगितली होती म्हणून पोलीस तिथेच दबा धरून बसले. सहाच्या सुमारास टेंपो आला आणि तीन माणसं अलगद हाती लागली.

"मोठमोठ्यांना न दिसलेलं तुम्हाला दिसलं," इन्स्पेक्टरांनी मैदानात येऊन सगळ्यांदेखत तिघांशी हात मिळवले. "आणि घोणशीबद्दल विशेष आभार!"

लोक खोखो हसले. मीनलला मात्र हसू येईना.

"बाबा, ती मीच आणली होती."

"हो. दुसऱ्याच्या गोदामात शिरलात, ते चुकलंच. पुन्हा असं करायचं नाही," दिनानाथ म्हणाले. मग त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "पण चूक कळताक्षणी धावत येऊन सांगितलीस. वीस वर्षं नोकरी केलेली माणसंही ती लपवतात गं. मला तुझा अभिमान वाटतो."

आता मीनल मनसोक्त रडली.

होळी पुन्हा रचली, पण या वेळी कुणालाच उंचीची घाई नव्हती. बनूबाईच्या दोन मोळ्या, घराघरातून विचारून आणलेली फळकुटं आणि गोवऱ्या. जेमतेम कमरेएवढी झाली. शेजारची कॉलनीही आपली फाटी घेऊन इकडेच आली. प्रत्येक लाकूड गुरुदत्तने हातात घेऊन पाहिलं, ठमीने तळाशी वाकून पाहिलं.

विष्णुपंतांनी पेटता पलिता उचलला आणि ते थांबले. ज्यांनी वीस वर्षांत कुणाला विचारलं नव्हतं, ते गर्दीतून वाट काढत मीनलसमोर येऊन उभे राहिले.

"मघाशी मी तुझं ऐकलं नाही, पोरी," ते म्हणाले. "आता तू सांग. पेटवू का?"

मीनलने ठमीकडे पाहिलं, गुरुदत्तकडे पाहिलं. मग ती स्वतः होळीभोवती एक फेरी मारून आली.

"पेटवा, काका!"