मागच्या दाराशी कुंड्या

"बाई, उद्या लायसन्स गेलं तर घर कसं चालवू?" रोपवाटिकेची गाडी चालवणारा ड्रायव्हर खालमानेने म्हणाला. "माझी गाडी उभीच होती. कुणी ऐकूनच घेत नाही."

खासगी तपास करणाऱ्या बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. निवृत्तीनंतर तो त्यांचा मदतनीस झाला होता. उत्साह दांडगा, पण डोकं जरा सावकाश चालायचं.

महामार्गावर वाहतूक तुंबली तेव्हा तीन वाहनं एकमेकांवर आदळली होती: पुढे कार, मध्ये रोपांची गाडी, मागे ट्रक.

गॅरेजमध्ये नवऱ्याने रोपांच्या गाडीचं मागचं दार उघडलं आणि फुटक्या कुंड्या थेट त्याच्या बुटांवर कोसळल्या.

"पुढे काय आहे?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. ड्रायव्हरच्या पाठीमागची जागा मोकळीच आहे."

ट्रकवाला ठाम होता. "हाच भरधाव जाऊन कारवर आदळला. मग मी कुठे थांबणार? रस्त्यावर त्याच्या ब्रेकचे काळे पट्टे बघा, दोन गाड्यांएवढे लांब!"

नवऱ्याने अपघाताच्या जागेचा फोटो न्याहाळला. "पट्टे मागच्या चाकांपाशीच संपतात, अगं. पुढच्यांखाली काहीच नाही."

कारमधली आई तान्ह्या मुलीला घट्ट धरून बसली होती.

"धक्के किती बसले?"

"एकच. मुलगी मागच्या सीटवर होती. या रोपांच्या गाडीवाल्याला मी माफ करणार नाही."

बाई ड्रायव्हरकडे वळल्या. "थांबल्यावर हँडब्रेक ओढता?"

"कायम. गाडी जरा हलली की कुंड्या लवंडतात. आम्ही सगळेच ओढतो."

बाईंनी सर्वांना एकत्र बसवलं.

"हा आधी आदळला असता, तर कारला दोन धक्के बसले असते, एक याचा, एक ट्रकचा. कुंड्याही पुढे गेल्या असत्या. त्या मागे गेल्या, कारण उभी गाडी मागून ढकलली गेली. हँडब्रेक फक्त मागची चाकं धरतो. तीच घासत गेली."

ट्रकवाल्याचा चेहरा उतरला. "फार जवळून चाललो होतो. क्षणभर लक्ष गेलं. लिहून देतो तसं."

"पण पट्टे एवढे लांब कसे?" नवऱ्याला अजून उमगेना.

"अहो, हा कारपासून तेवढं अंतर सोडून थांबला होता. ट्रकचा बराचसा जोर त्या घासण्यातच जिरला." बाई आईकडे वळल्या. "नाहीतर तो सगळा मागच्या सीटवर आला असता."

आई उठली. तिने मुलीला ड्रायव्हरच्या हातात दिलं.

"दादा, मी तुम्हाला काय काय बोलले. तुमचे उपकार..."

"लेकरू धडधाकट आहे ना, ताई," तो म्हणाला, आणि तिच्याआधी तोच रडला.